एसजीओटी दुप्पट का होतं?

काजूची बोंडं गळायला लागली की सावंतवाडी-दोडामार्गाकडे हुर्राकाबद्दल, म्हणजे बोंडांच्या दारूबद्दल, एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘हुर्राक म्हणजे फळाचो रस, लिव्हराक काय एक होणा नाय.’ यकृताला बोंड ओळखता येत नाही. हुर्राक, माडी, विलायती. आत जातं ते इथेनॉलच, म्हणजे अल्कोहोल, कमीजास्त प्रमाणात.

रक्ततपासणीच्या कागदावर एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन आकडे असतात. ही यकृताच्या पेशींतली विकरं, म्हणजे एन्झाइम. पेशी दुखावल्या की रक्तात झिरपतात. आपण फक्त आकडा चाळिशीच्या वर गेलाय का ते बघतो. इटलीचे डॉक्टर दे रितीस यांनी 1957 मध्येच लक्ष वेधलं ते दोन्हींच्या गुणोत्तराकडे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए मध्ये एसजीपीटी हजारापलीकडे जातं आणि सहसा एसजीओटीपेक्षा जास्त असतं. दारूने आलेल्या यकृतदाहात आकडे बहुधा तीनशेच्या आतच, पण एसजीओटी दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक! म्हणजे रिपोर्ट सौम्य दिसतो, आजार मात्र सौम्य नसतो.

असं का होतं, तो भाग मला फार आवडतो. दोन्ही विकरांचं काम अमिनो गट एका रेणूवरून काढून दुसऱ्यावर चढवणं. मधल्या क्षणी तो गट बसतो पायरिडॉक्सल फॉस्फेट या मदतनीस रेणूवर, जो बी-6 जीवनसत्त्वापासून बनतो. दारूपासून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड या फॉस्फेटला प्रथिनावरून ढकलून देतं. सुटं झालेलं फॉस्फेट लवकर नष्ट होतं. हा तुटवडा एसजीपीटीला जास्त जाचतो. शिवाय प्रयोगशाळा विकर मोजत नाही, त्याचं काम मोजते. मदतनीस रेणूच नसला तर विकर असूनही आकडा कमी येतो. दुसरीकडे एसजीओटीचा मोठा साठा मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत, असतो आणि दारू नेमकं तिथेच नुकसान करते.

जीजीटी हे यकृताचं आणखी एक विकर. ते पेशी न फुटताही दारूने वाढतं, सोडल्यावर काही आठवड्यांत उतरतं. पण ते फिटच्या गोळ्यांनी आणि लठ्ठपणातल्या फॅटी लिव्हरनेही वाढतं, त्यामुळे एकट्या जीजीटीवरून कुणाला बेवडा ठरवू नये.

 

आणि सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचं व्रणांनी कडक झालं की, ही विकरं अगदी नॉर्मलही येऊ शकतात, कारण झिरपायला पुरेशा पेशीच उरलेल्या नसतात. तेव्हा डॉक्टर अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) बघतात आणि सोनोग्राफी सांगतात.