लग्न करा, पण राणी नको: १९३६च्या पेचामागचा एक शब्द

ब्रिटनचा राजा आठव्या एडवर्डने प्रेमापायी गादी सोडली, हे सगळ्यांना पाठ आहे. (१९२१ मध्ये पुण्यात शिवस्मारकाची पायाभरणी करून गेलेले युवराज ते हेच.) त्याच्या प्रेयसी वॉलिस सिम्पसन यांचा एक घटस्फोट झालेला, दुसरा होऊ घातलेला, आणि राजा चर्चचा प्रमुख, हेही जुनंच. विसरलं जातं ते हे, की गादी न सोडता लग्न करण्याची एक वाट तेव्हा पुढे आली होती.

‘मॉर्गनॅटिक’ विवाह. जर्मन राजघराण्यांतली जुनी तडजोड: लग्न कायदेशीर, मुलं औरस, पण बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही. विधीत वर डावा हात पुढे करी, म्हणून ‘डाव्या हाताचं लग्न’ असंही म्हणत. आपल्याकडे याची पट्टराणीच्या प्रथेशी गल्लत होते. पट्टराणी नसलेलीही राणी असतेच. इथे एकुलती एक बायकोसुद्धा राणी नाही.

नोव्हेंबर १९३६ मध्ये एका वृत्तपत्रमालकाच्या मुलाने ही कल्पना मांडली आणि राजाने ती उचलली. अडचण अशी की ब्रिटनमध्ये राजाची बायको लग्न लागताच राणी होते. ती होऊ नये म्हणून नवा कायदा हवा, शिवाय डोमिनियनांचाही (कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या, त्याच राजाला मानणाऱ्या स्वशासित देशांचाही) होकार हवा. त्यांना तारा गेल्या: राणी, राणी नसलेली बायको, की पदत्याग? विचारणा राजाच्या संमतीने, पण शब्द सरकारचे. उत्तरं सरकारला हवी तशीच आली, यात मला तरी नवल वाटत नाही. ४ डिसेंबरला पंतप्रधानांनी संसदेत सांगून टाकलं, असला विवाह आमच्या कायद्याला ठाऊक नाही आणि तसा कायदा आम्ही आणणार नाही.

लोकमत म्हणाल, तर ते बनायला आठवडाच मिळाला. ब्रिटिश पत्रांनी महिनोन्‌महिने मौन पाळलं होतं. बाहेरून येणाऱ्या अमेरिकी साप्ताहिकांतली पानं विक्रीआधी कापली जात. १ डिसेंबरला एका बिशपने राजाला ईश्वरी कृपेची गरज असल्याचं म्हटलं. त्यांचा रोख म्हणे राजा चर्चला फिरकत नाही याकडे होता! ३ तारखेला सगळं छापून आलं आणि १० तारखेला पदत्यागावर सही झाली.

पुढे २७ मे १९३७ला, लग्नाला आठवडा उरला असताना, ‘रॉयल हायनेस’ ही पदवी फक्त नवऱ्याची, बायकोची नाही, असं फर्मान निघालं. कायद्याला ठाऊक नसलेला प्रकार तो हाच.

२००५ मध्ये चार्ल्स-कॅमिला विवाहाच्या वेळी वधू पुढे ‘प्रिन्सेस कॉन्सॉर्ट’ म्हणवून घेतील असं जाहीर झालं आणि तो जर्मन शब्द पुन्हा वर आला. सरकारचं उत्तर: हा विवाह मॉर्गनॅटिक नाही, कायदा बदलला नाही, तर त्या राणीच होतील. कायदा कोणी बदलला नाही. २०२३च्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘क्वीन कॅमिला’ असंच छापलं होतं.