पावसाने वाकवलेले मनोरे

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या बुशेरव्हिल गावात रेल्वेचं डिझेल इंजिन रुळांवरून खाली उतरवलं आणि चक्क रस्त्यावरून नगरपालिकेच्या इमारतीपाशी नेलं. गावात वीज नव्हती, आणि डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन म्हणजे चाकांवरचं मोठं जनित्रच. जलविद्युत मुबलक असलेल्या, घरंसुद्धा विजेवर उबदार ठेवणाऱ्या प्रांतावर ही वेळ आणली ती पावसाने.

हिमवर्षाव तिथे नित्याचा. भुसभुशीत बर्फ तारेवर फारसा टिकत नाही, वाऱ्याने झडून जातो. घात करतो तो गोठणारा पाऊस. वर उबदार हवेचा थर आणि खाली, सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात, शून्याखालची जड हवा अडकून बसलेली, अशी उतरंड जमली की त्याच्याही वरून येणारा हिमकण त्या उबदार थरात वितळतो आणि खालच्या थंड हवेत पाणी म्हणूनच शिरतो. तिथे तो शून्याखाली जातो, पण गोठत नाही. खालचा थर जास्त जाड असता तर वाटेतच गोठून त्याची गोळी झाली असती आणि ती तारेवरून टणकन उडून गेली असती.

हा अतिशीत थेंब तारेला लागताच गोठू लागतो, पण सगळाच्या सगळा नाही. पाणी गोठताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. थेंब उणे ३ अंशांवर असेल तर त्यातला जेमतेम ४ टक्के भाग गोठला की उरलेलं पाणी शून्य अंशावर येऊन पोहोचतं. मग ते हवेला उष्णता देत, तारेवर पसरत सावकाश गोठतं. म्हणूनच हा बर्फ काचेसारखा पारदर्शक आणि घट्ट असतो. त्यात हवेचे बुडबुडे फारसे नसतात. एका बाजूला वजन वाढलं की लांबलचक तार स्वतःभोवती पिळली जाते, कोरडी बाजू वर येते आणि तिच्यावरही थर चढतो.

आता वजनाचा हिशेब करू. ३० मिलिमीटर जाडीच्या तारेभोवती २५ मिलिमीटरचा थर बसला तर मीटरमागे जवळपास ४ किलो बर्फ झाला. दोन मनोऱ्यांमध्ये ४०० मीटर अंतर धरलं तर एका तारेवर दीड टन. क्वेबेकच्या ७३५ किलोव्होल्टच्या वाहिनीत तीन फेज आणि प्रत्येक फेजला चार, म्हणजे एकूण बारा तारा असतात. झाले साडेअठरा टन! थराची जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट नव्हे, जवळजवळ तिप्पट होतं, कारण प्रत्येक नवा थर आधीपेक्षा मोठ्या घेरावर बसतो. शिवाय जाड झालेल्या तारेला वाराही जास्त अडतो.

तरीही मनोरे नुसत्या ओझ्याने आडवे झाले असं म्हणणं अर्धवट आहे. सरळ रेषेतला मनोरा रस्सीखेचीच्या मधोमध उभा असतो: दोन्हीकडच्या तारा त्याला टनांनी ओढतात, पण ओढ सारखी असल्यामुळे तो निवांत राहतो. एका बाजूची तार तुटली किंवा शेजारचा मनोरा कोसळला की दुसऱ्या बाजूची सगळी ओढ एकदम त्याच्यावर येते. हा पडला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. क्वेबेकमध्ये मनोऱ्यांच्या रांगाच्या रांगा अशाच लोळल्या.

५ ते १० जानेवारीच्या दरम्यान पाऊस टप्प्याटप्प्याने येत राहिला. मॉन्ट्रियल परिसरात सुमारे १०० मिलिमीटर पाणी पडलं. आपल्याकडे जुलैत इतका पाऊस एका दिवसात पडतो आणि ओढ्याला वाहून जातो. तिथे तो जिथे पडला तिथेच चिकटला. क्वेबेकमधले सुमारे १४ लाख वीजग्राहक अंधारात गेले. शेकडो पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब कोसळले. ९ तारखेला मॉन्ट्रियलच्या जलशुद्धीकरण केंद्रांचीही वीज गेली आणि शहरापुढे पाण्याचं संकट उभं राहिलं. मदतीला सुमारे १६ हजार सैनिक उतरले. कुणी गारठ्याने दगावलं, तर कुणी बंद घरात लावलेल्या जनरेटरच्या आणि शेगड्यांच्या कार्बन मोनॉक्साइडने.

खांब उभे झाले की बटण दाबलं आणि वीज आली, असं होत नाही. आधी मोठ्या वाहिन्या, मग उपकेंद्रं, मग उपकेंद्रातून वस्तीकडे जाणारे फीडर, आणि शेवटी घराकडे जाणारी सर्व्हिस वायर, असा क्रम असतो. म्हणूनच तुमच्या दारातला खांब शाबूत असूनही तुम्ही आठवडाभर अंधारात राहू शकता, आणि त्यात कुणाची हयगय असतेच असं नाही.

त्यातही एक गोम आहे. एरवी कुणाचा हीटर चालू असतो, कुणाचा थर्मोस्टॅटने बंद केलेला असतो. त्यामुळे फीडरवरचा भार सरासरीत राहतो. गारठलेल्या वस्तीत वीज येताच सगळेच हीटर, गिझर, फ्रीज एकदम सुरू होतात. भार नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो आणि नुकताच जोडलेला फीडर पुन्हा ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. म्हणून एकेक तुकडा जोडत, थांबत पुढे जावं लागतं.

लाइनमनच्या जिवाला धोका असतो तो मात्र घरातल्या जनरेटरचा. मेन स्विच न पाडता कुणी तो घरच्या वायरिंगला जोडला तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि 'बंद' तारेवर हजारो व्होल्ट उभे राहतात. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. कोकणात निसर्ग चक्रीवादळानंतर काम केलेल्या कुठल्याही लाइनमनला विचारा, नुसत्या शटडाउनवर विसंबून तो तारेला हात लावणार नाही. आधी तपासणी, मग अर्थिंग, म्हणजे तार जमिनीशी जोडणं, मग काम. क्वेबेकच्या त्रिकोणात, म्हणजे सां-इयासांत, ग्रॅनबी आणि सां-जाँ-स्युर-रिशल्यू या गावांच्या पट्ट्यात, शेवटच्या घरांना वीज मिळायला महिन्याहून अधिक काळ लागला.

नंतर प्रांताच्या वीज कंपनीने, हायड्रो-क्वेबेकने, मनोऱ्यांच्या रांगेत ठरावीक अंतरावर जास्त दणकट मनोरे घातले, म्हणजे कोसळण्याची साखळी तिथे अडेल. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. लेव्हीच्या उपकेंद्रात एक यंत्रणा आहे, ती हजारो अँपिअरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह सोडून तारच तापवते आणि बर्फ गळून पडतो. एसीने, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या नेहमीच्या विजेने, हे जमलं नसतं का? लांब तारेत एसीला प्रेरणाचा, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राकडून होणाऱ्या विरोधाचा, मोठा अडथळा होतो. तितका प्रवाह रेटायला अवाढव्य क्षमता लागली असती. डीसीला अडवतो तो फक्त तारेचा रोध, आणि उष्णता तर त्यातूनच हवी आहे.

अर्थात ही चैन मोजक्या मोठ्या वाहिन्यांपुरती. गल्लीबोळांतून जाणाऱ्या हजारो किलोमीटर तारा अशा तापवणं परवडत नाही, आणि तिथे बर्फाइतकंच नुकसान करतात त्या बर्फाने मोडून तारांवर पडणाऱ्या फांद्या. त्यामुळे तिथेही दरवर्षी तेच करावं लागतं जे आपल्याकडे मे महिन्यात, पावसाळ्याआधी, अर्धा दिवस वीज बंद ठेवून करतात: झाडांची छाटणी.