किती मेले आणि कोणी मारले?

गोवंडी स्टेशनातून देवनारकडे निघालं की आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं आवार लागतं. दूरच्या एखाद्या युद्धात नागरिक किती मेले आणि दोष कुणाचा, यावर मुंबईत लोकलच्या डब्यापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत तावातावाने वाद होतात. एकाला आकडा फुगवलेला वाटतो, दुसऱ्याला दडपलेला. हा वाद मोजमापाने तपासण्याच्या एका रीतीचं नातं या संस्थेशी आहे.

संस्था 1956 साली सुरू झाली आणि काही वर्षांतच सी. चंद्रशेखरन तिचे संचालक झाले. त्याआधी, 1949 मध्ये, त्यांनी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्यासोबत एक निबंध लिहिला होता. बंगालमधल्या सिंगूर भागात (पुढे मोटार कारखान्याच्या आंदोलनाने गाजलेलं तेच सिंगूर) जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदींतून किती माणसं निसटतात, हा त्यांचा प्रश्न होता. एक यादी जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निबंधकाची, दुसरी घरोघर फिरून केलेली. दोन्ही अपुऱ्या. पण अपुऱ्या याद्याही एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

समजा, वेढा पडलेल्या एका शहरात शवागाराच्या यादीत 400 नावं आहेत, नातेवाइकांनी कळवलेल्या यादीत 300, आणि 120 नावं दोन्हींत आहेत. म्हणजे नातेवाइकांनी कळवलेल्यांपैकी 40 टक्केच शवागारापर्यंत पोचले होते. सगळ्या मृतांच्या बाबतीतही हेच प्रमाण धरलं, तर एकूण मृत 1,000 होतात. दोन्ही याद्यांत मिळून नावं आहेत फक्त 580. उरलेल्या 420 जणांची नोंद कुणीच घेतलेली नाही.

खरी मेख त्या ‘हेच प्रमाण धरलं तर’ मध्ये आहे. शवागारानेच नातेवाइकांना कळवायला सांगितलं असेल, तर सामायिक नावं वाढतात आणि अंदाज कमी येतो. एका वस्तीचे लोक एकाच संस्थेकडे जात असतील आणि दुसऱ्या वस्तीचे दुसरीकडे, तर सामायिक नावं घटतात आणि अंदाज फुगतो. म्हणून अभ्यासक तीन किंवा अधिक याद्या घेतात, त्या एकमेकींवर किती अवलंबून आहेत हे तपासतात आणि उत्तर एका आकड्यात न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा पल्ल्यात देतात.

एक बाजू बलवान आणि दुसरी दुबळी अशा विषम युद्धात नोंद ठेवण्याची ताकदही विषम असते. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 लोक मारले गेले, सुमारे 250 जणांना ओलीस नेलं. आधी 1,400 सांगितलेला आकडा नोव्हेंबरात खाली आणला गेला, कारण ओळख न पटलेल्या मृतदेहांपैकी काही हल्लेखोरांचेच असल्याचं लक्षात आलं. अशी दुरुस्ती करायला चालू स्थितीतल्या प्रयोगशाळा लागतात, शाबूत दप्तर लागतं. गाझात शवागारंच बंद पडत होती. तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा जून 2024 अखेरचा आकडा 37,877 होता, आणि प्रशासन हमासचं म्हणून अनेकांनी तो फुगवलेला ठरवला. जानेवारी 2025 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने रुग्णालयांची यादी, मंत्रालयाने नातेवाइकांकडून भरून घेतलेली यादी आणि समाजमाध्यमांवरचे शोकसंदेश एकत्र ताडले. अंदाज निघाला 64,260, पल्ला 55,298 ते 78,525. हे फक्त जखमांनी झालेले मृत्यू, उपासमारीने किंवा औषधांवाचून गेलेले यात नाहीत. वय आणि लिंग माहीत असलेल्यांत 59 टक्के बायका, मुलं आणि वृद्ध होते. उरलेले सगळे लढवय्ये होते, असं यातून निघत नाही. ते नागरिक होते असंही निघत नाही.

किती मेले, याच्या पुढचा प्रश्न कोणी मारले. तोही काही वेळा आकड्यांनी तपासता येतो. 1999 मध्ये, तेव्हा युगोस्लाव्हियात असलेल्या कोसोवो प्रांतातून निर्वासितांचे लोंढे निघाले. सरहद्दीवरच्या मोरिना नाक्यावर अल्बेनियाचे सीमारक्षक येणाऱ्या कुटुंबांची नोंद हाताने वह्यांत करत होते: कोणत्या गावचे, किती जण. अमेरिकी अभ्यासक पॅट्रिक बॉल यांच्या गटाने ती पानं संगणकावर उतरवली आणि हत्यांच्या अनेक याद्यांशी जोडली. मार्च 2002 मध्ये युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणात बॉल यांची उलटतपासणी आरोपी, युगोस्लाव्हियाचे माजी अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांनी स्वतः घेतली. लोक नाटोच्या बॉम्बहल्ल्यांमुळे आणि अल्बेनियन बंडखोरांमुळे पळाले, असा मिलोशेविच यांच्या बाजूचा दावा. तसं असतं तर आधी बॉम्ब किंवा चकमक आणि मागाहून पळापळ, हा क्रम गावोगाव दिसायला हवा होता. तो दिसला नाही. हत्या आणि स्थलांतर यांच्या लाटा मात्र बरोबरीने चढत-उतरत होत्या. ही दोन कारणं आकड्यांशी जुळत नाहीत, युगोस्लाव्ह फौजांची मोहीम हे कारण जुळतं, इतकंच बॉल म्हणाले. सिद्ध झालं, असं ते म्हणाले नाहीत. मला या विज्ञानात हा संयम सगळ्यांत मोलाचा वाटतो.

दुबळ्या बाजूला आपली सहानुभूती लवकर जाते, बलवानाच्या शिस्तीवर काहींचा विश्वास लवकर बसतो. मोजणी दोघांनाही धक्का देते. ग्वाटेमालातल्या यादवी युद्धाचा शोध घेणाऱ्या सत्यशोधन आयोगाने 1999 मध्ये नोंदवलेल्या अत्याचारांपैकी 93 टक्के सरकारी बाजूचे होते. पेरूच्या अशाच आयोगाने 2003 मध्ये याद्या ताडून सुमारे 69,000 मृतांचा अंदाज दिला, तेव्हा सर्वाधिक, 46 टक्के हत्या ‘शायनिंग पाथ’ या बंडखोरांच्या वाट्याला आल्या आणि 30 टक्के सरकारी दलांच्या. त्या गणितावर पुढे संख्याशास्त्रज्ञांतच वाद झाला. बंडखोरांच्या बळींची नोंद मानवाधिकार संघटनांकडे तुलनेने कमी होती, हा त्यातला कळीचा मुद्दा. वाद झाला तो उघड्या आकड्यांवर, म्हणून त्यातून काही शिकता आलं.

कायद्यातला दोष मात्र मृतांच्या संख्येवरून थेट ठरत नाही. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनीव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलनुसार, अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची अपेक्षित हानी जास्त असेल तर तो हल्ला करता येत नाही. ‘अपेक्षित’ म्हणजे हुकूम देताना कमांडरला जे माहीत होतं त्यावरून. समोरचा नागरिकांची ढाल करत असला, तरी हल्लेखोराची जबाबदारी सुटत नाही, हेही त्याच प्रोटोकॉलच्या 51 व्या कलमात आहे. आणि ढाल करणं हाही गुन्हाच. त्यामुळे इथे मृतांची यादी पुरत नाही. त्या रात्री लक्ष्य कोणतं होतं, घरात किती माणसं असतील असं धरलं होतं, याची फाइल लागते. ती ज्या सैन्याकडे असते ते सैन्य ती सहसा उघडत नाही, आणि वस्तीत ठाणं मांडायचं ठरवणाऱ्या सशस्त्र गटाकडे अनेकदा अशी फाइलच नसते.