हायपरलोकल बातमी-ॲप : ग्रामीण विदर्भातील अर्थकारण

एखादा तालुका किंवा बाजारपेठेच्या गावाभोवतीची खेडी, एवढ्यापुरत्याच बातम्या, बाजारभाव, निधनवार्ता आणि छोट्या जाहिराती मोबाइलवर पुरवणारी सेवा. विदर्भाच्या खेड्यांत अशा ॲपला वाचक मिळतो, पैसा मिळत नाही. हे दुखणे इथलेच आहे असे नाही. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेले ‘पॅच’ हे गावोगावच्या बातम्यांचे संकेतस्थळ २००९ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने विकत घेतले, सुमारे ९०० गावांपर्यंत नेले आणि २०१४ च्या सुरुवातीला त्यातला मोठा हिस्सा विकून टाकला.

मोबाइलवरच्या जाहिरातीचा दर बहुधा ती हजार वेळा दिसण्यामागे ठरतो. दोन हजार वस्तीच्या गावातली नळयोजनेची बातमी तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी उघडली, तरी आकडा दोन हजारांवर थांबतो. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहतात. राज्याची सरासरी ३६५. वार्ताहराचे पेट्रोल माणसांच्या हिशेबाने जळत नाही, अंतराच्या हिशेबाने जळते.

मग उरतात गावचे जाहिरातदार : कृषी सेवा केंद्र, सराफ, कोचिंग क्लास, मंगल कार्यालय. जून महिन्यात कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाण्याच्या पिशव्यांशेजारी उधारीची वही उघडीच असते. जाहिरातीचे विचारले की उत्तर ठरलेले : ‘कापूस घरी येऊ द्या, मंग पाहू.’ कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे फिरू लागतो. सर्व्हरचे बिल मात्र दरमहा येते. टेंडर आणि जाहीर नोटिसा अजूनही बहुतांशी छापील पेपरातच जातात.

त्यातल्या त्यात रोख मिळते ती वाढदिवसाच्या शुभेच्छांची. फेटा, गॉगल आणि खाली ‘भावी सरपंच’. निवडणुकीच्या वर्षी हात आणखी सैल सुटतो. पण ज्याचा फोटो ॲप उघडताच दिसतो, त्याच्याच गावातल्या रोजगार हमीच्या हजेरीपटाची बातमी लावायची कोणी? तालुका वार्ताहराला नाममात्र मानधन आणि जाहिरातीवर कमिशन, ही पेपरांची जुनी रीत ॲपवाल्यांनीही उचलली. त्यामुळे बातमी आणणारा आणि वसुलीला जाणारा माणूस एकच.

वर्गणीचा मार्ग व्हॉट्सॲपने बंद केल्यासारखाच आहे. एका ग्रुपात १,०२४ जण बसतात आणि हिंगणघाटच्या बाजार समितीतला कापसाचा भाव तिथे फुकट, तोही आधी पोचतो. बातमी कॉपी होऊन त्याच ग्रुपात फिरते, वर ॲपचे नावही राहत नाही.

२०१८ मध्ये तेलुगूतून सुरू झालेल्या ‘लोकल’ या भारतीय ॲपने बातमीच्या जोडीला नोकरी, विवाह आणि खरेदी-विक्रीच्या छोट्या जाहिराती घेतल्या. ही वाट अधिक व्यवहारी दिसते. विदर्भात जुना ट्रॅक्टर, बैलजोडी, मक्त्याने द्यायची शेती यांना गिऱ्हाईक आहेच. फक्त एकदा का नंबर हाती लागला, की सौदा बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर होतो, आणि त्यातला रुपयाही ॲपकडे येत नाही.