उधारी-वसुली (सोलापूरचा यंत्रमाग व्यवसाय)

माल आधी द्यायचा आणि पैसे नंतर घ्यायचे, या व्यवहारात जी येणी उभी राहतात ती ठरल्या मुदतीत हाती आणण्याची पद्धत. चादर आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागात हिच्याशिवाय धंदा होत नाही. सूत घेताना उधारी, माल देताना उधारी, आणि मधल्या काळात विजेचे बिल व कामगारांची मजुरी मात्र रोख. वाणिज्य शाखेत खेळते भांडवल, संगणकाच्या वर्गात डेटाबेस आणि विधी महाविद्यालयात करार कायदा असे हे तीन वेगळे विषय शिकवले जातात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराच्या टेबलावर ते एकाच बिलावर येतात. बिलावरची तारीख चुकली की तिन्ही विषय एकदमच बिघडतात.

पार्श्वभूमी : सोलापूरच्या कापडधंद्याला पैशाच्या तुटवड्याचा अनुभव नवा नाही. जुनी मिल म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. सरकारने नेमलेल्या संचालकांनी अग्रहक्काच्या भागांवरची न भरलेली रक्कम भागधारकांकडे मागितली. ही मागणीही एका अर्थाने वसुलीच होती. त्या मागणीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने तो वटहुकूम घटनाबाह्य ठरवला. मालमत्तेच्या हक्कावर लिहिणारे घटनातज्ज्ञ आजही हा खटला उद्धृत करतात. सोलापुरात तो फारसा कुणाच्या बोलण्यात नसतो. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने हातमागावरून यंत्रमागावर येत हा धंदा घरोघरी नेला. त्यामुळे जी थकबाकी एकेकाळी एका मोठ्या कंपनीची डोकेदुखी होती, ती आता शेकडो लहान कारखानदारांत वाटली गेली आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक उपदर्शनाची (जीआय) नोंदणी मिळालेली आहे. ती नावाचे रक्षण करते, बिलाचे पैसे आणून देत नाही.

पैसा कुठे अडकतो : अंदाज यावा म्हणून एक मानीव उदाहरण घेऊ. सूत पंधरा दिवसांच्या उधारीवर आले. विणकाम, धुलाई आणि शिलाईला वीस दिवस लागले. माल दहा दिवस गोदामात राहिला आणि विकल्यावर पैसे नव्वद दिवसांनी आले. वीस, दहा आणि नव्वद मिळून एकशेवीस. त्यातून सुताच्या उधारीचे पंधरा वजा केले की कारखानदाराचा स्वतःचा पैसा १०५ दिवस बाहेर असतो. महिन्याला १० लाख रुपये खर्चाचा माल निघत असेल, तर ३५ लाख रुपये कायमचे अडकले. बारा टक्के व्याजाने त्याची किंमत वर्षाला ४ लाख २० हजार. नव्वद दिवसांचे पंचेचाळीस झाले, तर अडकलेली रक्कम २० लाखांवर येते. पंधरा लाख रुपये मोकळे करण्यासाठी एकही नवा माग बसवावा लागत नाही की एकही टॉवेल जास्त विकावा लागत नाही.

याच हिशेबाने वटावाचा प्रश्नही सुटतो. दहा दिवसांत रोख दिले तर दोन टक्के वटाव, नाहीतर नव्वद दिवसांनी पूर्ण रक्कम, असा पर्याय ग्राहकापुढे ठेवला, तर ऐंशी दिवस आधी मिळणाऱ्या पैशासाठी कारखानदार वर्षाला सुमारे ९.३ टक्के दर मोजतो. कॅश क्रेडिटवर (बँकेच्या फिरत्या कर्जावर) बारा टक्के व्याज भरणाऱ्याला हा वटाव परवडतो. तरीही ‘दोन टक्के उगाच सोडले’ असे वाटून अनेकजण तो देत नाहीत, कारण बिलातले दोन टक्के डोळ्यांना दिसतात आणि बँकेचे व्याज महिन्याच्या शेवटी गुपचूप खात्यातून वळते होते.

नोंद : उधारीच्या वह्या आता बहुतेक ठिकाणी संगणकावर गेल्या आहेत, पण नुसते वहीचे पान पडद्यावर आणून काही साधत नाही. पहिली अडचण नावाची. एकच व्यापारी कधी दुकानाच्या नावाने, कधी मालकाच्या नावाने, तर कधी वेगळ्या स्पेलिंगने नोंदला जातो. मग तीन खात्यांत थोडीथोडी बाकी दिसते आणि एकूण आकडा कुणालाच दिसत नाही. डेटाबेसच्या भाषेत इथे अद्वितीय ओळख हवी, आणि ती कायद्यानेच तयार करून ठेवली आहे. जीएसटी क्रमांकात पंधरा अक्षरे-अंक असतात. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, तेलंगणाचे ३६. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. हैदराबाद आणि कलबुर्गी अशा दोन्ही ठिकाणी दुकान असलेल्या ग्राहकाचे जीएसटी क्रमांक दोन असतील, पण पॅन एकच. खाती पॅनवर जुळवली की एकाच घराण्याकडे किती अडकले आहे ते कळते.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. व्यापारी पाठवतो एक लाख रुपये, गोल आकडा. ते कोणत्या बिलापोटी? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही रक्कम ‘ऑन अकाउंट’, म्हणजे बिल न सांगता नुसती खात्यावर, टाकली तर कोणतेच बिल मिटत नाही आणि कोणते बिल किती दिवस थकले ते सांगणारी यादी निरर्थक होते. या प्रश्नाचे उत्तर संगणकाआधी भारतीय करार कायदा, १८७२ ने देऊन ठेवले आहे. कलम ५९ प्रमाणे देणेकऱ्याने रक्कम कशापोटी आहे ते सांगितले असेल, तर ती त्याच बिलापोटी धरावी लागते. त्याने सांगितले नसेल, तर कलम ६० प्रमाणे निवड धनकोची, म्हणजे पैसे येणे असलेल्याची. मुदतबाह्य झालेल्या कायदेशीर येण्यापोटीसुद्धा तो ती धरू शकतो. दोघांनीही काही ठरवले नसेल, तर कलम ६१ प्रमाणे जुने बिल आधी मिटते. म्हणजे जमा नोंदवताना कारकून जो पर्याय दाबतो, तो कायद्याने दिलेला हक्क वापरणे किंवा सोडून देणे असतो. पैसे आल्याच्या दिवशीच ‘अमुक बिलापोटी जमा’ असा संदेश ग्राहकाला पाठवणे हा यावरचा अगदी साधा उपाय.

पंचेचाळीस दिवस : सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा २ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करारातल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, पण ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल तर पंधरा दिवस. बिलावर ‘मुदत ९० दिवस’ छापलेले असले तरी या कायद्यापुढे ते टिकत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. बँक दर साडेसहा टक्के धरला तर व्याज साडेएकोणीस टक्के होते. ४ लाखांचे बिल सहा महिने रखडले, तर सुमारे ४०,६०० रुपये व्याज चढते.

माल स्वीकारला असे कधी मानायचे, हा यातला कळीचा मुद्दा. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. पैसे मागायला गेल्यावर चौथ्या महिन्यात ‘रंग उतरला’, ‘वजन कमी भरले’ अशा तक्रारी निघणे हा बाजारातला जुना अनुभव आहे. पोहोच मिळाल्याची तारीख हातात असेल तर अशा तक्रारींचा जोर ओसरतो. म्हणून ट्रान्सपोर्टची बिल्टी, सहीचे चलन आणि राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाचे ई-वे बिल (जीएसटीखालचा माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) जपून ठेवावे. ई-वे बिलाची वेळ सरकारी यंत्रणेत नोंदलेली असते, विक्रेत्याच्या संगणकात नव्हे, म्हणून त्याचे वजन जास्त.

संरक्षण कुणाला मिळते, याबाबत बरेच गैरसमज आहेत. अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती खुली झाली, पण त्यांच्यासाठी ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरतीच आहे. स्वतः टॉवेल विणणारा आणि दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणून देणारा, दोघांनाही कलम १५ लागू होते. चाटी गल्लीत त्यांचाच माल घेऊन पुढे विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला लागू होत नाही. मध्यम उद्योगही या तरतुदीच्या बाहेर राहतो. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी रुपये गुंतवणूक आणि १०० कोटी रुपये उलाढाल अशी वाढली आहे. नोंदणी माल देण्याआधीची असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या वादात अडकण्यापेक्षा नोंदणी आधीच करून ठेवणे स्वस्त पडते. तिला शुल्क नाही.

थकलेल्या पैशांची तक्रार याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. २०१७ पासून ती ऑनलाइन दाखल करता येते. ग्राहक देशात कुठेही असो, कार्यक्षेत्र पुरवठादाराच्या ठिकाणावरून ठरते. आधी समेट, तो फिसकटला तर लवाद. कायद्यात नव्वद दिवस लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो. निकालाला आव्हान द्यायचे असेल तर ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, ही या कायद्यातली खरी धार.

एवढे असूनही विणकर हा मार्ग क्वचितच धरतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच दिवाळीपूर्वी पुढची ऑर्डर देणारा असतो, आणि बाजारात ‘अमका केस करतो’ ही ओळख महागात पडते. त्यामुळे कायद्याचा उपयोग नाते तुटल्यानंतर होण्यापेक्षा सौदा ठरतानाच जास्त होतो. उद्यम क्रमांक आणि ‘कलम १५ प्रमाणे देय’ ही ओळ बिलावर छापलेली असली, की ग्राहकाचा सनदी लेखापालच त्याला मार्चमध्ये आठवण करतो.

तो आठवण करतो यामागे कर आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४३ब मध्ये भर घातली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. समजा, १० जानेवारीला स्वीकारलेल्या मालाची मुदत लेखी करारानुसार २४ फेब्रुवारीला संपली आणि पैसे एप्रिलमध्ये दिले, तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही. पैसे दिले त्या वर्षात धरावा लागतो. उशिरा पण ३१ मार्चपूर्वी दिले तर बाधा नाही. व्यापारी संघटनांनी ही तरतूद पुढे ढकलण्याची मागणी केली होती. लहान पुरवठादारांची भीतीही अनाठायी नव्हती: ग्राहक नोंदणी नसलेल्या विणकराकडे वळला तर काय? जीएसटी कायद्यातही असाच एक चाप आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याला पैसे दिले नाहीत, तर ग्राहकाला घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासह परत करावे लागते आणि पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. विक्रेत्याने मात्र आपला कर पैसे न मिळताच भरलेला असतो.

मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांसाठी ट्रेड्स हा बिले वटवण्याचा ऑनलाइन मंच आणखी एक मार्ग आहे. कंपनीने ऑनलाइन मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात आणि वटणावळ कापून विक्रेत्याला लगेच पैसे देतात. कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी ते विक्रेत्याकडे मागितले जात नाहीत. २५० कोटी रुपयांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. हॉटेल साखळ्यांना टॉवेल देणाऱ्याला हे उपयोगी, पेठेतल्या दुकानदाराला चादरी देणाऱ्याला नाही.

चेक, पुरावा आणि मुदत : पुढच्या तारखेचा चेक घेऊन माल देण्याची रीत अजून चालू आहे. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून ग्राहकाला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, असा क्रम आहे. २०१५ च्या दुरुस्तीमुळे चेक खात्यावर भरला असेल तर फिर्याद विक्रेत्याच्या बँक शाखेच्या ठिकाणी करता येते. त्यामुळे बंगळूरुच्या व्यापाऱ्याचा चेक परतला तरी खटला सोलापूरच्या न्यायालयात उभा राहतो.

सौदे आता व्हॉट्सअॅपवर होतात: डिझाइनचा फोटो, भाव, ‘पाठवा’ एवढा एक शब्द. हे संदेश पुरावा म्हणून चालतात, पण ते कोणत्या उपकरणातून कसे काढले हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रासह. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते दोन भागांत द्यावे लागते, एक उपकरण सांभाळणाऱ्याचे आणि दुसरे तज्ज्ञाचे. त्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, नोंदवतात. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हे मूल्य पूर्ण बदलते. मोबाइल बदलताना जुन्या गप्पा पुसून टाकणाऱ्याला हे सगळे फार उशिरा कळते.

साध्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. ती संपण्यापूर्वी ग्राहकाने बाकी मान्य केल्याचे सहीचे पत्र दिले, तर मुदत नव्याने मोजली जाते. दरवर्षी ३१ मार्चची बाकी कळवून त्यावर सही घेण्याची लेखापालांची पद्धत यासाठीच आहे, आणि पाडव्याला वही बदलताना पेढ्यासोबत जुन्या बाकीवर सही घेणारे म्हातारे कारखानदार नेमके तेच करत. दाव्याचे पुढचे अपील उच्च न्यायालयात गेले, तर सोलापूरकरांना पूर्वी मुंबईला जावे लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूर जिल्ह्याची अशी प्रकरणे तिकडे चालतात.