भोंगा झाला की मैदानात: कारखान्यांतून निघालेले फुटबॉल क्लब

डिसेंबर १८८६. लंडनजवळच्या वुलिचच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातले काही कामगार थेम्स नदी ओलांडून पलीकडे सामना खेळायला गेले. मैदान म्हणावं असं तिथे काही नव्हतं. बहुतेक बाजूंना घरांची परसं, उरलेल्या बाजूला उघडं गटार. तरी सामना त्यांनी ६-० असा जिंकला. संघाचं नाव डायल स्क्वेअर, म्हणजे ते ज्या खात्यात राबायचे त्याच खात्याचं नाव. पुढाकार होता डेव्हिड डॅन्स्किन या स्कॉटिश कामगाराचा. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे जुने खेळाडू तिथे कामाला होते, म्हणून पहिल्या लाल जर्सी त्या क्लबकडून मागून आणल्या. हाच संघ पुढे आर्सेनल क्लब झाला आणि त्याचा लाल रंग तिथून आलेला आहे.

कंपन्यांनी पैसे ओतले आणि क्लब उभे राहिले, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आधी कामगाराच्या हाती वेळ यावा लागला. १८५० च्या कायद्याने ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांतलं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबू लागलं आणि हळूहळू ही अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही पसरली. शनिवारी दुपारी तीनला सामना ही इंग्लंडची रीत त्यातूनच पडली.

मालकाकडे मात्र एक हुकमी गोष्ट होती, ती म्हणजे नोकरी. पैसे घेऊन खेळायला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये परवानगी दिली. त्याआधी चांगला खेळाडू आणायचा तर त्याला कामावर लावून घेणं ही सोयीची वाट होती, आणि परवानगीनंतरही ती बंद झाली नाही. मँचेस्टरजवळच्या न्यूटन हीथमध्ये रेल्वेच्या डबे-वाघिणी खात्यातल्या कामगारांनी १८७८ मध्ये क्लब काढला. तिथे वेल्सहून आलेल्या खेळाडूंना रेल्वेत काम मिळे. पुढे रेल्वेचा आधार सुटला आणि क्लब कर्जात बुडाला. १९०२ मध्ये जॉन हेन्री डेव्हिस या बिअर कारखानदाराने तो सावरला आणि त्याचं नाव झालं मँचेस्टर युनायटेड.

थेम्स आयर्नवर्क्सची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. जहाजं बांधणाऱ्या या कारखान्यात संप होऊन गेला होता. १८९५ मध्ये मालक अर्नॉल्ड हिल्स यांनी फोरमन डेव्ह टेलर यांच्या साथीने कामगारांचा क्लब सुरू केला. हिल्स दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते, खेळ हौशीच राहावा या मताचे. पण क्लबला जिंकायचं होतं आणि जिंकायला पगारी खेळाडू लागत होते. १९०० मध्ये जुना क्लब गुंडाळून वेस्ट हॅम युनायटेड उभा राहिला. कारखाना १९१२ मध्ये बंद पडला. जहाजाचे पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायचे दोन हातोडे क्लबच्या चिन्हावर अजून आहेत.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा प्रेस्टनच्या डिक, कर कंपनीत दारूगोळा बनवणाऱ्या बायकांनी संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले. पुढच्याच डिसेंबरात असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. ही बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. हा उघड अन्याय होता आणि कारखाना-क्लबांच्या इतिहासात तो मोठ्या अक्षरांत लिहायला हवा.

युरोपात कंपनीचं नाव जास्त चिकटून राहिलं. जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये १९०३ साली बायर या औषध-रसायन कंपनीच्या १७० कामगारांनी सह्या करून मालकांकडे क्रीडासंघ मागितला आणि १९०४ मध्ये तो मिळाला. या संघाला आजही ‘कारखान्याची अकरा’ याच अर्थाच्या जर्मन नावाने हाक मारतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या पीएसव्ही क्लबमधला ‘पी’ फिलिप्स कंपनीचा, स्थापना १९१३. फ्रान्समध्ये प्यूजोने १९२८ मध्ये सोशो क्लब काढला आणि २०१५ मध्ये विकला. जर्मनीत क्लबच्या कारभारावर सदस्यांचं बहुमत असावं असा नियम १९९८ मध्ये आला, तेव्हा लेव्हरकुझेन आणि फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्ग यांना त्यातून सूट मिळाली.

जपानने उलटी वाट धरली. १९६५ ची तिथली लीग कंपन्यांच्या संघांचीच होती. १९९३ मध्ये व्यावसायिक जे-लीग सुरू करताना मात्र अट घातली गेली की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं. मित्सुबिशीचा संघ उरावा झाला, निस्सानचा योकोहामा. पैसा मात्र पुढेही बराच काळ त्याच कंपन्यांकडून येत राहिला.