शब्दमोजणी (खान्देशातील मराठी व अहिराणी लेखनात)

ठरवून दिलेल्या मर्यादेत मजकूर बसवण्यासाठी त्यातील शब्द किंवा वर्ण संगणकाकडून वा मोबाइलकडून मोजून घेण्याला शब्दमोजणी म्हणतात. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) कक्षेत येतात. तेथील विद्यार्थ्यांना शोधनिबंधाचा सारांश लिहिताना शब्दमोजणीची गरज पडते, तशीच ती निबंधस्पर्धेत भाग घेणाऱ्यांनाही पडते.

मोजणारे साधन अर्थ पाहत नाही. दोन मोकळ्या जागांमध्ये जे सापडेल तो एक शब्द धरते. मराठीत विभक्तिप्रत्यय नामाला जोडून लिहितात, त्यामुळे ‘रावेरच्या बाजारात केळीचे भाव वाढले’ हे पाच शब्द भरतात. ‘रावेर च्या’ असे तोडून टंकले की सहा होतात. ‘जळगाव-धुळे’ हा एकच शब्द, पण रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली तर मायक्रोसॉफ्ट वर्ड तीन मोजतो. मर्यादेत बसण्यासाठी ‘करतआहे’ असे शब्द चिकटवणे मात्र गैर आहे. त्यापेक्षा एखादे विशेषण गाळावे.

खरी अडचण वर्णमर्यादेत येते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, व्यंजन, काना, मात्रा आणि पाय मोडल्याची खूण हे सारे वेगवेगळे मोजले जाते. ‘तो जाई ऱ्हायना’ (तो जात आहे) हे साधे अहिराणी वाक्य घ्या. ‘ऱ्हायना’मध्ये वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, साधनाला सात. काही कळफलकांवर हाच ‘ऱ्’ साधा ‘र’, पायमोड आणि न दिसणारे जोडचिन्ह मिळून उमटतो, तेव्हा आठ होतात. दिसायला दोन्ही रूपे अगदी सारखी. मोबाइलच्या एका लघुसंदेशात साध्या रोमन मजकुराचे १६० वर्ण मावतात, देवनागरीचे ७०च. म्हणून मराठी वा अहिराणी लेखन मागवणाऱ्यांनी मर्यादा शब्दांतच द्यावी.

हाताने लिहायच्या परीक्षेत साधन नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाची उत्तरे १५० किंवा २५० शब्दांत मागतात आणि मराठी माध्यमालाही तीच मर्यादा असते. अभ्यासिकेत तयारी करणारी मुले आपल्याच हस्ताक्षरातल्या काही ओळींचे शब्द मोजून सरासरी काढतात व पुढे ओळींवरून अंदाज बांधतात. मोठ्या अक्षरात ओळीत कमी शब्द बसतात, बारीक अक्षरात जास्त. त्यामुळे दुसऱ्याची सरासरी कामी येत नाही.